विश्लेषण : मूलबंध, दाबमापक आणि लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद

बाळंतपणानंतर काही महिने उलटतात आणि खोकताना, शिंकताना, जिना उतरताना थोडी लघवी निसटते. उतारवयात काही जणींना खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते. घरोघरी त्याला अंग बाहेर येणे म्हणतात आणि शक्यतो ते कोणाला सांगत नाहीत. पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटतो. काहींना रोज शौचाला कुंथावे लागते, आणि कितीही भाजीपाला खाल्ला तरी फरक पडत नाही. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असतात. फिजिओथेरपिस्ट त्यांचा व्यायाम शिकवू लागला की पुण्यातला रुग्ण हमखास म्हणतो, की हा तर मूलबंध. हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे, तर पुण्यापासून लोकलने जेमतेम दीड तासावर असलेल्या लोणावळ्यात आयुष्य घालवलेल्या एका संन्याशाची गोष्ट उपयोगी पडते. बंध, मुद्रा आणि नौली यांच्यावर विश्वास ठेवा असे न सांगता त्यांनी दाब मोजायचे यंत्र आणि क्ष-किरण यंत्र हाताशी घेतले होते.

हे स्नायू नेमके कुठे असतात?

पोट ही एक बंद पेटी आहे असे समजा. वरचे झाकण म्हणजे श्वासपटल, पुढची भिंत पोटाचे स्नायू, मागे कणा, आणि तळ म्हणजे पुढच्या जांघाडाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा थर. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव पेल्व्हिक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात आणि त्यांचे मार्ग तिच्यातूनच बाहेर पडतात. त्यामुळे झोळीला दोन उलट कामे करावी लागतात : दिवसभर सावरून धरणे आणि वेळ आली की सैल सोडणे. श्वास घेताना श्वासपटल खाली येते, तळही किंचित खाली जातो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. खोकल्याच्या क्षणी पेटीतला दाब एकदम वाढतो, तेव्हा तळाने आधीच आवळलेले असावे लागते. ही वेळ चुकली की लघवी निसटते.

कुवलयानंद कोण होते?

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातल्या डभोईचा. १९०३ मध्ये मॅट्रिक होताना त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि ते बडोदा कॉलेजात गेले. अरविंद घोष तेव्हा तिथे शिकवत होते. टिळकांच्या राजकारणाचाही तरुण गुण्यांवर मोठा प्रभाव होता. त्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे त्यांनी आयुष्य देशकार्याला वाहायचे ठरवले, पण त्यांची वाट तालमीतून गेली. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले. शरीर कसे हलते याकडे ते पुढे ज्या नजरेने पाहत, ती नजर या आखाड्यात तयार झाली असे म्हणायला हरकत नाही.

मग ते खानदेशात अमळनेरला गेले. तिथल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी शिकवले आणि राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. पुढे सरकारी रोषामुळे ते महाविद्यालय बंद पडले. पण आयुष्याला वळण देणारी घटना त्याआधीच घडली होती. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांची परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याशी गाठ पडली. आसने, प्राणायाम, बंध, क्रिया हे सारे त्यांनी गुरूंकडून शिकून घेतले. शिष्याने इथे थांबायचे, गुरूंनी सांगितलेले पुढच्याला सांगायचे, अशी रीत होती. गुणे थांबले नाहीत.

बडोद्याच्या रुग्णालयात काय तपासले?

हठयोगात बस्ती नावाची आतडे धुण्याची क्रिया आहे. साधक पाण्यात उकिडवा बसतो, गुदद्वारात नळी घालतो आणि पाणी आपोआप आत चढते. ना पिचकारी, ना वरून सोडलेली पाण्याची पिशवी. जुन्या ग्रंथांत यासाठी तळाचे आकुंचन करायला सांगितले आहे. श्रद्धाळू माणूस याला सिद्धी म्हणे, डॉक्टरला ती थाप वाटे. गुण्यांना दोन्ही उत्तरे पुरेशी वाटली नाहीत. पाणी वर चढते आहे, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी झाला असला पाहिजे. तो मोजता यायला हवा.

१९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात, आपल्या काही विद्यार्थ्यांच्या मदतीने, उड्डियान आणि नौलीचा अभ्यास सुरू केला. क्ष-किरणांखाली क्रिया करून पाहिली. आतड्यात घातलेली नळी दाबमापकाला जोडली. नौली सुरू असताना आतड्यातला दाब खरोखरच हवेच्या दाबाच्या खाली उतरत होता. या अंशतः पोकळीला त्यांनी गुरूंचे नाव दिले : माधवदास व्हॅक्यूम. भौतिकशास्त्रातल्या एखाद्या परिणामाला शास्त्रज्ञाचे नाव देतात, तसे एका नर्मदातीरीच्या साधूचे नाव प्रयोगाच्या नोंदीत गेले. गुरुदक्षिणेचा हा प्रकार दुर्मीळच.

या प्रयोगाचे महत्त्व आतडे धुण्यापुरते नाही. उड्डियान करताना श्वास पूर्ण सोडतात, श्वासमार्ग बंद ठेवतात आणि श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फुलवतात. हवा आत येऊ शकत नाही. मग छातीतला दाब घटतो, श्वासपटल वर ओढले जाते, पोट आत जाते आणि पेटीतला दाबही उतरतो. नौलीत पोटाचे उभे स्नायू मधोमध पुढे आवळले की तो आणखी उतरतो. सरबताची नळी ओठांनी ओढल्यावर सरबत चढते त्याच नियमाने पाणी चढते. म्हणजे ज्या क्रियेचे श्रेय तळाच्या आकुंचनाला दिले जाई, तिचा खरा जोर वर, बरगड्यांत आणि श्वासपटलात होता. तळाचे काम समजून घ्यायचे तर छताकडेही पाहावे लागते, असा या मोजणीचा अर्थ निघतो. फिजिओथेरपीत आज रुग्णाला आधी श्वास घ्यायला शिकवतात, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

लोणावळ्यात काय उभे राहिले?

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. त्याच वर्षी योग-मीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. ते इंग्रजीत होते, कारण त्यांना ते जगातल्या वैद्यकीय वाचकापर्यंत न्यायचे होते. त्याच्या पहिल्याच अंकांतून क्ष-किरण छायाचित्रे आणि दाबाच्या नोंदी छापल्या गेल्या. आसनांच्या माहितीशेजारी प्रयोगाची मांडणी, असे ते नियतकालिक होते. शंभर वर्षांपूर्वी गुदाशयातल्या दाबाबद्दल मोकळेपणाने लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती. क्रिया गुप्त ठेवाव्यात असे मानणाऱ्या साधकांना ते रुचणारे नव्हते, आणि भगव्या वस्त्रातल्या माणसाने शरीरविज्ञान लिहावे हे डॉक्टरांना पचणारे नव्हते.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी स्वतःच्या प्रकृतीसाठी त्यांच्याशी आसनांबद्दल पत्रव्यवहार केला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन लोणावळ्यात येऊन राहिले, शिकले आणि परत जाऊन त्यांनी १९३७ मध्ये योगाची शास्त्रीय तपासणी करणारे पुस्तक काढले. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला सुरू झालेले आरोग्यकेंद्र १९३६ मध्ये मरीन ड्राइव्हला गेले. १९५० मध्ये लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय सुरू झाले. शाळांमधल्या शारीरिक शिक्षणासाठीही त्यांनी बरीच वर्षे खर्च केली. १९६३ मध्ये डॉ. एस. एल. विनेकर यांच्याबरोबर लिहिलेले योगोपचाराचे छोटे पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले.

मूलबंध आणि केगेल व्यायाम एकच का?

कुवलयानंदांनी मूलबंधाचे वर्णन शरीरशास्त्राच्या भाषेत केले : गुदद्वाराभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूंचे आकुंचन. कुंडलिनी बाजूला ठेवून स्नायूचे नाव घेणे हाच त्या काळातला मोठा बदल होता. मूलबंधात आकुंचन धरून ठेवायचे असते. अश्विनी मुद्रेत ते आवळून सोडायचे असते, पुन्हा पुन्हा. घोडी लीद टाकल्यावर करते तसे, म्हणून ते नाव. आजचा फिजिओथेरपिस्टही दोन्ही प्रकार शिकवतो. काही सेकंद धरून ठेवायची आकुंचने ताकद आणि दम वाढवतात, तर झटपट आवळून सोडायची आकुंचने खोकल्याच्या क्षणासाठी कामी येतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी या स्नायूंच्या व्यायामावर निबंध लिहिला. बडोद्याच्या प्रयोगांनंतर जवळपास पंचवीस वर्षांनी. केगेल यांच्या पद्धतीचा गाभाही मोजमापच होता. हवा भरलेला लहान कप्पा योनीमार्गात ठेवायचा, तो दाबमापकाला जोडायचा, आणि आपण आवळल्यावर काटा किती हलतो हे स्त्रीला स्वतःच्या डोळ्यांनी दाखवायचे. पुढे यंत्र मागे पडले आणि फक्त व्यायामाचे नाव जगभर पसरले. मूलबंधाचेही आपल्याकडे तेच झाले. योगवर्गात सूचना मिळते, पण आकुंचन बरोबर झाले की नाही हे कोणी पाहत नाही.

ते पाहणे किती गरजेचे आहे, याचा अंदाज १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातून येतो. ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हे स्नायू आवळायला सांगितले. साधारण निम्म्या जणींना ते नीट जमले. चौथा हिस्सा स्त्रिया मात्र अशा प्रकारे जोर करत होत्या, की त्याने लघवी निसटण्याची तक्रार वाढलीच असती. वर ओढण्याऐवजी त्या खाली ढकलत होत्या. म्हणजे मोबाइलवर चित्रफीत पाहून व्यायाम करणाऱ्या चारांतली एक जण मनापासून, नियमाने आणि उलट्या दिशेने मेहनत घेत असू शकते.

मग आवळणे शिकले की झाले का?

नाही, आणि गोंधळ इथेच होतो. या स्नायूंची दुखणी दोन परस्परविरुद्ध प्रकारची असतात. काहींचे स्नायू कमजोर असतात. त्यांना बळ हवे. काहींचे सतत आवळलेले असतात आणि सुटतच नाहीत. अशा व्यक्तीला शौच साफ होत नाही, लघवी अडखळत होते, संबंधाच्या वेळी दुखते, ओटीपोटात कायम ताण राहतो. काही जणांमध्ये शौचाला जोर करताना स्नायू सैल होण्याऐवजी आणखी आवळला जातो. माणूस दार ढकलतो आहे आणि आतून त्यानेच कडी लावली आहे, अशी ही अवस्था. अशा रुग्णाला मूलबंध किंवा केगेल व्यायाम करायला लावले तर त्रास वाढतो. त्याला सैल सोडायला शिकवावे लागते.

शौचाच्या या दोषाचे निदान करताना गुदाशयात बारीक नळी घालून दाब मोजतात, पाणी भरलेला लहान फुगा बाहेर टाकता येतो का ते पाहतात. उपचारात रुग्णाला पडद्यावर स्वतःच्या स्नायूचा आलेख दाखवून कधी ढिले सोडायचे ते शिकवतात. याला बायोफीडबॅक म्हणतात. नळी, दाबमापक आणि न दिसणारी हालचाल दिसती करणे, ही सामग्री बडोद्यातल्या त्या प्रयोगाची आठवण करून देणारी आहे, हेतू मात्र वेगळा.

उड्डियानाचे पुढे काय झाले?

१९८० च्या दशकात बेल्जियमचे मार्सेल कॉफ्रिए यांनी बाळंतिणींसाठी हायपोप्रेसिव्ह नावाची व्यायामपद्धत आणली. श्वास सोडून, श्वासमार्ग बंद करून, बरगड्या फुलवायच्या. पोटातला दाब घटतो आणि तळ वर उचलला जातो. हे वर्णन वाचताना लोणावळ्यातला कोणताही विद्यार्थी उड्डियानच म्हणेल. युरोपात आणि समाजमाध्यमांवर ही पद्धत लोकप्रिय आहे. मात्र लघवी निसटणे किंवा अंग बाहेर येणे यांवर ती साध्या, देखरेखीखालच्या आकुंचनाच्या व्यायामापेक्षा सरस असल्याचे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. दाब उतरतो हे खरे. पण दाब उतरला म्हणून दुखणे बरे झाले असे होत नाही. उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी श्वास रोखून धरण्याचे असे प्रकार टाळावेत.

कुवलयानंदांच्या कामात काय राहून गेले?

त्यांचे प्रयोग मोजक्या, निरोगी आणि सरावलेल्या लोकांवर झाले. नौली उत्तम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या आतड्यात काय घडते, हे त्यातून कळले. तीच क्रिया आजारी माणसाला बरे करते का, हा निराळा प्रश्न होता आणि त्यासाठी लागणाऱ्या तुलनात्मक चाचण्यांची पद्धत तेव्हा वैद्यकातही रुळलेली नव्हती. दुसरी उणीव अधिक ठळक आहे. योग-मीमांसेच्या जुन्या अंकांतल्या छायाचित्रांत दिसतात ते प्रामुख्याने पुरुष. ज्यांच्या शरीरात हा तळ बाळंतपणाने ताणला जातो, फाटतो, सैल पडतो, त्या स्त्रिया या सुरुवातीच्या मोजणीच्या मध्यभागी नव्हत्या. एका संन्याशाला त्या काळात ते शक्यही नव्हते, हे मान्य करूनही उणीव उणीवच राहते. आखाडा आणि आश्रम यांतून आलेल्या मूलबंधाच्या सूचना म्हणूनच प्रसूतीनंतरच्या शरीराला जशाच्या तशा लागू करता येत नाहीत.

त्यांच्या नावावर आज बरेच दावे खपवले जातात, हा आणखी एक प्रश्न. प्रयोगांचा उल्लेख होतो, पण दाबाच्या नोंदीपासून थेट सर्व रोगांवरच्या इलाजापर्यंत उडी घेतली जाते. नळी जोडून नोंद घेणाऱ्या माणसाच्या नावाने हे व्हावे, हे जरा विचित्रच.

आज तपासणी कशी होते?

आधी विचारपूस होते : दिवसातून किती वेळा लघवी, कधी निसटते, किती बाळंतपणे, शौचाला कुंथावे लागते का, जड उचलण्याचे काम आहे का. काही दिवस पाणी आणि लघवीची नोंदवही ठेवायला सांगतात. मग श्वास घेताना, खोकताना आणि आवळताना तळ कोणत्या दिशेला हलतो ते पाहतात. रुग्णाची स्पष्ट संमती असेल तरच बोटाने आतून तपासणी होते आणि ताकदीला ० ते ५ अशी श्रेणी देतात. सोडल्यावर स्नायू पूर्ण सैल होतो का, हेही त्याच वेळी कळते. नको असेल तर रुग्णाला नकार देता येतो. पोटावरून केलेल्या अल्ट्रासाउंडनेही हालचाल दिसू शकते. लघवीतून रक्त, अचानक सुरू झालेला त्रास, जांघेत बधिरपणा, किंवा अंग पूर्ण बाहेर येणे असे काही असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांकडेच जावे लागते.

खोकताना लघवी निसटत असेल तर ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार पहिला उपचार देखरेखीखालचा व्यायाम हाच आहे : निदान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. लघवी करता करता मध्येच अडवून सराव करू नये. त्याने मूत्राशय नीट रिकामे न होण्याची सवय लागू शकते. आकुंचन करताना श्वास चालू राहायला हवा, मांड्या आणि नितंब आवळायचे नाहीत, आणि प्रत्येक आकुंचनानंतर तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे.

स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी गेले. लोणावळ्यातली संस्था सुरू आहे, योग-मीमांसाही अजून निघते. स्त्रियांच्या आरोग्यासाठीची फिजिओथेरपी ही वेगळी शाखा म्हणून आता शिकवली जाते, आणि लघवी निसटते म्हणून तिच्याकडे येणाऱ्या अनेक जणी ही तक्रार आयुष्यात पहिल्यांदाच कोणाजवळ तरी बोलत असतात.